जुनी गाडी का तापते? काटा वर जाण्यामागची कारणे आणि ती ओळखण्याची रीत

नांदेड/लातूर, प्रतिनिधी :

एप्रिल उजाडला की नांदेड–लातूर मार्गावर एक दृश्य हमखास दिसू लागते. लोहा, माळेगाव, अहमदपूर किंवा चाकूरच्या आसपास एखाद्या झाडाच्या सावलीत जुनी जीप वा मोटार उभी असते. बॉनेट उघडलेले, पुढून वाफ निघत असलेली आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन कडेला ताटकळत असतो. ‘गाडी तापली’ या दोन शब्दांत या प्रकाराची वासलात लावली जाते. पाणी ओतले जाते, गाडी पुढे निघते आणि दोन दिवसांनी पुन्हा थांबते. असे महिनाभर चालल्यावर एके दिवशी इंजिन धरते आणि ज्या गाडीच्या फेऱ्यांवर घर चालते तीच गॅरेजच्या आवारात जाऊन बसते. काही शे रुपयांच्या सुट्या भागाकडे दुर्लक्ष झाल्याने इंजिन उतरविण्याची पाळी आलेली वाहने या दोन्ही जिल्ह्यांच्या गॅरेजांत दर उन्हाळ्यात आढळतात.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, टाटा सुमोचे २०१९ मध्ये. तरीही एमएच-२६ आणि एमएच-२४ या क्रमांकांच्या अशा गाड्या गावोगावी धावताना दिसतात. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. निगा राखलेली जुनी गाडी रस्त्यावर राहू शकते ती त्यामुळेच. अडचण अशी की, या गाड्यांचे तापणे ही ‘वयाची तक्रार’ समजून सोडून दिली जाते. वस्तुतः ताप हा जसा रोग नसून लक्षण असतो, तसेच इंजिनाचेही आहे. मूळ कारण बहुधा एकच असते आणि नीट निरीक्षण केले तर ते पाने-पक्कड हाती घेण्यापूर्वीच बरेचसे उमगते.

उष्णता जाते कुठे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत मुरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते, तर अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. इंजिन तरीही शाबूत राहते ते भोवतालच्या पोकळ्यांतून सतत फिरणाऱ्या पाण्यामुळे.

हे पाणी फिरविण्याचे काम पंप करतो. आपल्याकडील मिस्त्री त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. ब्लॉक आणि हेडमधून तापून आलेले पाणी थर्मोस्टॅट व्हॉल्व्हमधून रेडिएटरच्या माथ्यावर जाते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याला उष्णता देते आणि थंड होऊन पुन्हा पंपाकडे येते. अनेक बारीक नळ्यांच्या जाळीत पाण्याची उष्णता वाऱ्याला देण्याची कल्पना विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी पूर्णत्वास नेली. शंभराहून अधिक वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे.

या साखळीतील दोन लहान वस्तूंकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पहिली रेडिएटरचे झाकण. हे केवळ झाकण नसून दाब राखणारा व्हॉल्व्ह आहे. बहुतेक मोटारींत ते वातावरणाच्या दाबाहून सुमारे ०.९ बार अधिक दाब धरून ठेवते आणि त्यामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या आतील रबर वाळून चिरले की हा दाब टिकत नाही. मग बाकी सारे ठीक असूनही गाडी उकळते. लातूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, नांदेड सुमारे ३६० मीटरवर. उंची वाढली की उकळणबिंदू उतरतो. उघड्या भांड्यातील पाणी लातुरात सुमारे ९८ अंशांनाच उकळू लागते. निकामी झाकणाच्या गाडीला लातूर नांदेडपेक्षा किंचित अधिक छळते, ते असे!

दुसरी वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. मेण भरलेली ही छोटी डबी थंड इंजिनात पाण्याची रेडिएटरकडील वाट बंद ठेवते आणि पाणी साधारणतः ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण फुगून ती वाट उघडते. तिच्याविषयी पुढे सविस्तर.

आधी काटा खरा आहे का?

जुन्या गाडीत सर्वप्रथम शंका घ्यावी ती काट्यावरच. चावी फिरवताच, इंजिन गार असतानाही काटा थेट तांबड्या पट्ट्यात जात असेल, किंवा हेडलाइट लावल्यावर तो हलत असेल, तर दोष बहुधा वायर, अर्थिंग किंवा तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. इंजिन खरोखर तापले असेल तर बॉनेटखालून झळ, कूलंटचा उग्र-गोडसर वास, पाण्याची खळखळ आणि चढावर ओढ कमी होणे यांपैकी काही ना काही सोबत येतेच.

याच्या उलट फसवणूक अधिक घातक आहे. पाणी गळून सेन्सरच्या पातळीखाली गेले तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा चक्क खाली उतरतो. चालक निश्चिंत होतो. इंजिन मात्र कोरडे पडलेले असते. धावत्या गाडीचा काटा वर जाऊन अचानक खाली आला तर ते सुचिन्ह मानू नये.

तापते केव्हा, हे आधी सांगा

अनुभवी मिस्त्री गाडी उघडण्यापूर्वी प्रश्न विचारतो. गाडी कुठे तापली, किती वेळाने, गावात की मोकळ्या रस्त्यावर? या उत्तरांत अर्धे निदान दडलेले असते.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबाद परिसरात गर्दीत रखडल्यावर काटा चढतो, पण गावाबाहेर पडून वेग घेतला की उतरतो, असे असेल तर पाण्याचे वहन ठीक आहे. वाऱ्याची बोंब आहे. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, थांबलेल्या गाडीला तो पंख्यानेच मिळवून द्यावा लागतो. अशा वेळी संशयित म्हणजे पंखा, त्याचा पट्टा, फ्यूज, रिले किंवा पंखा सुरू करणारा स्विच.

याउलट गावात काटा जागेवर राहतो, पण महामार्गावर वेग धरल्यावर, भरलेल्या गाडीने चढ घेताना किंवा माहूरच्या गडावर जाताना चढतो, तर पंखा निर्दोष आहे. इंजिन जास्त उष्णता निर्माण करते आणि ती वाहून नेण्याइतके पाणी रेडिएटरमधून जात नाही, असा त्याचा अर्थ. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदलेल्या असतात, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा, पाणी फारच कमी असावे किंवा आत हवा कोंडली असावी. वातानुकूलन चालू केल्यावरच तापत असेल तर रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरची अतिरिक्त उष्णता निभावण्याची ताकद या जुन्या यंत्रणेत उरलेली नाही; म्हणजे दोष वातानुकूलनाचा नाही, तो आधीपासूनच होता, केवळ उघडा पडला. आणि कुठेही थेंब न सांडता पाणी रोज कमी होत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. त्याचा विचार हेड गॅस्केटच्या संदर्भात पुढे केला आहे.

बोअरचे पाणी आणि रेडिएटर

मराठवाड्यातील जुन्या गाड्यांच्या तापण्यामागे एक कारण असे आहे, ज्याचा उल्लेख गाडीच्या पुस्तिकेत क्वचितच ठळकपणे असतो. ते म्हणजे येथील पाणी. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेले भूजल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या काठावर पांढरी वर्तुळे उमटतात आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी ढाब्यावरच्या पिंपातून रेडिएटरमध्ये जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगी आहे. माणसाला चालणारे पाणी इंजिनाला चालेलच असे मात्र नाही.

हे पाणी तापले की त्यात विरघळलेले बायकार्बोनेट विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच थर धातूवर बसतो. पाणी तापविण्याच्या बंबात जमणारा पांढरा पापुद्रा तो हाच. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या तुलनेत सुमारे दोनशे पटींनी कमी असते. अर्थात, कागदाएवढा थर बसला तरी नळीच्या आतील पाणी आणि बाहेरचा वारा यांच्यामध्ये जणू गोधडी पांघरली जाते. शिवाय नळ्या मुळातच अरुंद. थर वाढत गेला की काही नळ्या पूर्ण बुजतात.

एक साधा हिशेब करून पाहू. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले एक लिटर पाणी गाडी रोज वाफेच्या रूपाने गमावत असेल आणि तितकेच रोज ओतले जात असेल, तर वाफ निघून जाते, क्षार मात्र आतच राहतात. वर्षाकाठी हा साठा सुमारे १८० ग्रॅम होतो. एवढी चुनखडी कुणी मुठीने रेडिएटरमध्ये टाकणार नाही; रोजच्या बाटलीने मात्र ती बिनबोभाट टाकली जाते. म्हणून ‘पाणी ओतले की गाडी चालते’ हा उपाय दिसत असला तरी तोच पुढच्या तापण्याचे बीज पेरतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या शहराने असा उन्हाळा पाहिला तेथे रेडिएटरसाठी शुद्ध पाण्याचा आग्रह धरणे चैनीचे वाटेल. परंतु लहान मोटारीच्या यंत्रणेत जेमतेम चार-पाच लिटर आणि जीपसारख्या गाडीत त्याहून काहीसे अधिक पाणी मावते, आणि गळती नसेल तर ते वारंवार बदलावे लागत नाही. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी सर्वोत्तम. ते न मिळाल्यास आरओ यंत्रातून गाळलेले पाणीही बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरे. प्रवासाला निघताना अशा पाण्याचा एक कॅन डिकीत ठेवला तर वाटेवरच्या पिंपाकडे हात पसरावा लागत नाही.

कूलंटविषयीही एक गैरसमज रूढ आहे. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कूलंट हवे कशाला?’ असे विचारले जाते. थंडीत पाणी गोठू न देणे हे कूलंटचे एक काम. उकळणबिंदू वाढविणे आणि धातूला गंज व क्षारांपासून वाचविणे ही दुसरी, आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची कामे. तथापि जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा, असेही नाही. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता शुद्ध पाण्याहून कमी असते. त्यामुळे पाणी न मिसळता निव्वळ कूलंट भरणे चूकच. पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ही सर्वमान्य मर्यादा आहे. बाजारात काही डबे आधीच पाणी मिसळून येतात, त्यांत आणखी पाणी घालायचे नसते. डब्यावरचा मजकूर वाचणे एवढाच त्यावर इलाज. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग उत्पादकाच्या मर्जीचे असतात. रंग पाहून भेसळ करण्यापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतील प्रकार पाहावा.

हळदीचा प्रयोग

रेडिएटरला बारीक छिद्र पडले की त्यात हळद टाकण्याचा तोडगा ट्रकचालकांत जुना आहे. वसमतच्या हळदीचा दबदबा असलेल्या या भागात तो अधिकच जवळचा वाटतो. हळदीची पूड पाण्यात फुगते, छिद्राशी अडकते आणि गळती काही काळ थांबते, हे खरे. पण छिद्र कोणते आणि नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. ती अरुंद नळ्यांतही तितक्याच निष्ठेने बसते. आडरानात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरता हा उपाय समजण्यासारखा आहे. त्यानंतर यंत्रणा धुऊन काढली नाही, तर गळणारी गाडी पुढे तापणारी गाडी होते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पावडरींबाबतही हेच म्हणता येईल.

चोंदलेला रेडिएटर ओळखण्याची सोपी रीत आहे. गाडी पुरेशी चालवून इंजिन बंद करावे आणि पंखा थांबल्याची खात्री करून रेडिएटरच्या जाळीवर निरनिराळ्या ठिकाणी अंतर राखून हाताने ऊब अजमावावी. माथ्याकडून तळाकडे ऊब हळूहळू कमी होत गेली तर ठीक. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरची वरची टाकी डाख काढून उघडता येते आणि नळ्यांतून पातळ सळया फिरवून क्षार काढता येतात. हे काम करणारे कारागीर दोन्ही शहरांत आहेत. अॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या नव्या धाटणीच्या रेडिएटरला ही सोय नाही, तो बहुधा बदलावाच लागतो. आतून धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर अॅल्युमिनियमच्या गाडीत तो ऐकू नये. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो. धुतल्यानंतर नवी गळती दिसू लागली तर धुणाऱ्याला दोष देण्यातही अर्थ नाही. कित्येकदा जुने छिद्र क्षारांनीच बुजविलेले असते.

बाहेरून चोंदणे हा आणखी एक प्रकार. उसाच्या हंगामात पाचटाचा चुरा, कापसाच्या वेचणीत तंतू आणि बारमाही धूळ जाळीत जाऊन बसते. वातानुकूलित गाडीत ही घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचते आणि पुढून पाहिल्यास दिसतच नाही. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी. सर्व्हिसिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पाती वाकतात व वाऱ्याची वाट कायमची बंद होते. जाळीपुढे जादा दिवे, मोठे हॉर्न, नावाची पाटी लावण्याची हौसही येथे नडते. लग्नसराईत फुलांच्या माळांनी समोरचा भाग झाकलेली नवरदेवाची गाडी वरातीत बैलगाडीच्या वेगाने चालते आणि नेमकी मंडपाच्या दारात वाफ सोडते, यात नवल नाही!

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की अनेक जुन्या गाड्यांत तो वर्षानुवर्षे नसतोच. ‘आपल्या उन्हात त्याची गरज नाही’ हे त्यामागचे समर्थन. वरकरणी ते पटतेही, कारण वाट सदैव मोकळी राहिल्याने पहिले काही दिवस काटा खाली असतो.

पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. थंड इंजिनात पाणी रेडिएटर टाळून एका आडवाटेने परत पंपाकडे फिरते. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याची खालची चकती ही आडवाट बंद करते आणि सारे पाणी रेडिएटरकडे वळते. थर्मोस्टॅटच नसेल तर आडवाट कायम उघडी राहते आणि तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा थंड न होताच इंजिनात परततो. भर उन्हात, भरलेल्या गाडीने चढ चढताना अशी गाडी आधीपेक्षा अधिक तापते. मालक मात्र चक्रावतो, कारण ‘तापण्याचे कारण तर काढून टाकले’ अशी त्याची समजूत असते. शिवाय हिवाळ्याच्या सकाळी इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

थर्मोस्टॅट निकामी आहे की नाही हे घरच्या चुलीवर ठरविता येते. तो पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा, पाणी तापवावे आणि सोबत तापमापक ठेवावा. त्याच्या अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळण्याच्या सुमारास पूर्ण उघडला तर तो निर्दोष. उघडलाच नाही तर नवा बसवावा. त्याची किंमत इंजिनाच्या कोणत्याही कामाच्या तुलनेत नगण्य असते. गाडीवर असतानाही अंदाज घेता येतो. काटा वर गेला आहे, इंजिन भाजते आहे, पण रेडिएटरच्या वरच्या टाकीला जाणारा होज पाइप गारच आहे, तर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट बंद आहे असे समजावे. वरचा पाइप अतिशय गरम आणि खालचा बऱ्यापैकी गार, तरीही इंजिन तापते, तर पाणी रेडिएटरमधून पुरेशा वेगाने वाहत नाही. दोन्ही पाइप सारखेच भाजत असतील तर पाणी वाहते आहे, पण वारा त्याची उष्णता घेत नाही.

गार इंजिनावरची तपासणी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर ही तपासणी करावी. झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहावे; जादा पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीतील पातळीवर विसंबू नये, कारण झाकणाचा व्हॉल्व्ह किंवा मधली नळी खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असू शकतो. झाकणाचे रबर चिरलेले वा कडक झालेले असेल तर ते बदलावे. सर्व सुट्या भागांत हा सर्वांत स्वस्त. होज पाइप दाबून पाहावेत. ते फार मऊ पडले असतील, फुगले असतील किंवा चिरा दिसत असतील तर उन्हाळ्याची वाट पाहू नये. खालचा पाइप इंजिनाचा वेग वाढवताच चेपला जात असेल तर पाइप मऊ पडला आहे किंवा रेडिएटर चोंदल्याने पंप पाणी खेचण्यासाठी धडपडतो आहे.

पट्ट्यावर फिरणारा पंखा असल्यास इंजिन बंद ठेवून पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. सुमारे दहा-बारा मिलिमीटर दबला तर ताण योग्य. त्याहून सैल पट्टा घसरतो आणि त्यावर फिरणाऱ्या पंपाचाही वेग घटतो. वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूस एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. तेथून पाणी झिरपू लागले की आतील सील गेले. ते भोक एम-सीलने बुजविणारेही महाभाग आहेत, पण मग पाणी बेअरिंगमध्ये जाते व पंप पुरता बाद होतो.

विजेवर चालणारा पंखा सुरूच होत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर, दोन वायरींच्या साध्या स्विचच्या जुन्या गाड्यांत, स्विचचा जोड काढून ती दोन टोके वायरने जोडून पाहता येतात. पंखा फिरला तर स्विच गेला. न फिरल्यास मोटार किंवा रिले. पंखा फिरतो तरी गाडी तापते, अशा वेळी जाळीपुढे कागद धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे. कागद उडून दूर गेला तर मोटारीच्या वायरी उलट जोडल्या आहेत आणि पंखा वारा ओढण्याऐवजी समोरून येणारा वारा परतवतो आहे. रस्त्याकडेच्या घाईतील दुरुस्तीनंतर हा प्रकार घडतो व महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. पंख्याभोवतीचे पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे कडे काढून टाकलेले असेल तर तेही परत बसवावे. त्यावाचून पंखा रेडिएटरमधून वारा खेचण्याऐवजी कडेची गरम हवाच घुसळत राहतो.

यांखेरीज अडकून राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच, मागे पडलेले टायमिंग, कमी इंजिन ऑइल आणि क्षमतेपलीकडील प्रवासी ही कारणेही असतात. मात्र ती तापण्याबरोबरच इतर लक्षणे दाखवितात, त्यामुळे फार काळ लपून राहत नाहीत.

हेड गॅस्केट : शेवटचा संशय, सर्वांत महागडा

इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते अशा गाड्या पुष्कळ आहेत. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेपलीकडे तापलेले हेड त्यामुळे वाकते आणि मधली गॅस्केट जागा सोडते. मग ज्वलनाचा वायू पाण्यात, पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जाऊ लागते.

याची चिन्हे अशी. गार इंजिनाचे झाकण उघडे ठेवून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, वेग वाढविताच ते वाढतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. ऑइलची पट्टी काढल्यास तिच्यावर दुधाळ चहासारखा फेस दिसतो. पेट्रोल गाडीत एका सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा विचित्र स्वच्छ निघतो, कारण वाफेने तो धुतला जातो. खात्रीसाठी एक निळा रासायनिक द्रव वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली असता ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर तो पिवळा पडतो.

ही लक्षणे दिसल्यावर ‘अजून एक हंगाम ओढू’ हा विचार महागात पडतो. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला वंगण देऊ शकत नाही आणि हेडच्या कामाचे रूपांतर पूर्ण इंजिनाच्या कामात होते. हेड उतरविल्यावर केवळ नवी गॅस्केट टाकून ते परत बसवू देऊ नये. लेथवर त्याची सपाटी तपासून, वाकले असल्यास फेसिंग करून घ्यावे आणि तडा नाही ना, याची दाब देऊन चाचणी करावी. शिवाय हेड ज्यामुळे तापले ते मूळ कारण, मग ते झाकण असो की चोंदलेला रेडिएटर, त्याच वेळी दूर झाले पाहिजे. एरवी नवी गॅस्केटही पुढचा उन्हाळा पाहत नाही.

रस्त्यात काटा चढला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण वेगाने चालू करावा. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, परंतु हीटर हा छोटा रेडिएटरच असतो आणि तेवढी उष्णता तो बाहेर काढतो. काटा तांबड्या पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली तर सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ या हट्टानेच बहुतेक हेड वाकतात.

झाकणाला मात्र हात लावू नये. आतील पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते क्षणार्धात वाफ होऊन उसळते. चेहरा, मान आणि हात भाजण्याचे प्रकार याच घाईतून घडतात. निदान अर्धा तास थांबावे, वरचा पाइप दाबून आत ताण नाही हे पाहावे, मग जाड फडके टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि दाब पूर्ण गेल्यावर काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन हाताला सोसेल इतके निवल्यावर, ते मंद चालू ठेवून, थोडे थोडे पाणी घालावे.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना हवा कोंडून राहणार नाही हेही पाहावे लागते. गाडीचे तोंड किंचित चढाकडे ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते व बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत मिश्रण भरत राहावे, मगच झाकण लावावे. काढलेले जुने कूलंट गॅरेजच्या दारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात. बंद डब्यात, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ते ठेवावे.